‘वेळ जमत नाही’: सांगलीतल्या एका लेडीज जिममधलं तीन दिवसांचं प्रकरण

जिमच्या रजिस्टरमध्ये त्या बाईंच्या नावापुढे सोमवार, मंगळवार, बुधवार अशा तीन सह्या आहेत. गुरुवारच्या रकान्यात मालकीणबाईंच्या अक्षरात शेरा आहे, ‘वेळ जमत नाही’. जिम सोडून जाणाऱ्या बहुतेक बायकांच्या नावापुढे हाच शेरा असतो आणि मीही तो वर्षभर खरा मानत आले होते. या एका प्रकरणाने तो समज मोडला, म्हणून ते सविस्तर लिहून ठेवते आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सांगलीत माझं छोटं क्लिनिक आहे आणि आठवड्यातल्या दोन सकाळी मी या जिममध्ये जाते. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, कुणाचा खांदा बघते. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांनी लिहायला परवानगी दिली आहे, आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील मी बदलले आहेत. जिममध्ये सगळ्या त्यांना वहिनी म्हणतात. इथेही तेच म्हणते.

जिम म्हणजे स्टेशनरीच्या दुकानावरचा वीस बाय तीस फुटांचा हॉल. मालकीणबाईंनी पहिला मजला घेतला तो २०१९ चा महापूर बघून. एका भिंतीला आरसा, खाली रबरी मॅट, एक ते साडेसात किलोपर्यंतचे डंबेल, एक बार, दोन ट्रेडमिल, कोपऱ्यात पडदा लावून केलेली कपडे बदलायची जागा. बाथरूम मात्र वर नाही, जिन्याच्या वळणावर आहे, अर्धा मजला खाली. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते. सकाळी सहाला नोकरीवाल्यांची बॅच, अकराला घरची कामं आटोपून येणाऱ्यांची, संध्याकाळी साडेसहाला पुन्हा नोकरीवाल्यांची. नवीन बाईला एक आठवडा फुकट ट्रायल: सोमवारी झुंबा, मंगळवारी योग, बुधवारी सर्किट, गुरुवारी वजनं, शुक्रवारी परत झुंबा. आवडलं तर पैसे भरायचे.

वहिनी त्रेचाळीस वर्षांच्या. घरीच शिवणकाम करतात, ब्लाउज आणि पिको-फॉल. दिवसाचे पाच-सहा तास मशीनवर. दोन मुलं, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल; धाकटा जन्मला तेव्हा पावणेचार किलोच्या वर होता, तो आता चौदा वर्षांचा आहे. उंची १५४ सेंटिमीटर, वजन ७१ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) ३० च्या काठावर. आपल्याकडच्या लोकांसाठी डॉक्टर २३ च्या वर जादा वजन आणि २५ च्या वर स्थूलता धरतात. त्यांच्या डॉक्टरांनी साखर तपासली, एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, ६.१ आलं. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा. डॉक्टर म्हणाले, ‘वजन कमी करा, चालायला लागा नाहीतर जिम लावा.’ आमराई बागेत फिरायला जायचं तर पहाटे जावं लागतं आणि पहाटे डबे असतात. म्हणून अकराची बॅच.

आता ते तीन दिवस. मी त्यांतल्या फक्त बुधवारी तिथे होते. बाकीचं मालकीणबाईंकडून आणि नंतर वहिनींकडून समजलं.

सोमवारी वहिनी पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला बांधून आल्या. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, आरसा संपतो तिथे उभ्या राहिल्या. पहिली दहा मिनिटं बरी गेली. त्या शिवणकाम करतात म्हणून असेल, पण हातापायांचा मेळ त्यांना लगेच बसला, असं शेजारची बाई मला नंतर म्हणाली. मग गाणं बदललं आणि हात वर-पाय फाकवून मारायच्या उड्या सुरू झाल्या. चार उड्या झाल्या आणि वहिनी थांबल्या. मालकीणबाई समोरून, माइकवरून, अगदी मायेने ओरडल्या, “वहिनी, थांबायचं नाही, चालू ठेवा! जमतंय तुम्हाला!” पंधरा जणींनी मागे वळून पाहिलं. वहिनी हसल्या, आणखी दोन उड्या मारल्या आणि जिना उतरून बाथरूमला गेल्या. परत आल्या तेव्हा स्टेटसला टाकायला व्हिडिओ काढणं चाललं होतं. त्या पडद्यामागे जाऊन पाण्याची बाटली शोधत राहिल्या.

मंगळवारी त्या काळी सलवार घालून आल्या. सकाळपासून पाणी प्यायल्या नव्हत्या आणि नाश्ताही केला नव्हता. योगाच्या वर्गात त्यांना वाटलं, आज तरी उड्या नाहीत. सूर्यनमस्कार त्यांना शाळेपासून येतात. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात सूर्यनमस्कार रुजवले, आणि त्या संस्थानातलं आटपाडी आज आमच्याच जिल्ह्यात आहे, त्यामुळे इकडच्या जुन्या शाळांत ते अजून मनापासून शिकवले जातात. सूर्यनमस्कार छान झाले. पण शेवटी कपालभाती होती. पोट झटक्याने आत ओढलं की तेच व्हायला लागलं. त्यांनी डोळे मिटून नुसतं बसून घेतलं, आणि कुणाला कळलं नाही.

बुधवारी सर्किट. एका ठिकाणी चाळीस सेकंद, वीस सेकंद विश्रांती, मग पुढचं ठिकाण. तिसऱ्या ठिकाणी खाली बसून वर उडी मारायची होती. वहिनींनी उडी मारली नाही, पण भरभर उठबस केली, आणि पाचव्या-सहाव्या वेळी उठताना भिंत धरली. चेहरा पांढराफटक. मी त्यांना मॅटवर आडवं केलं, पाय वर ठेवले, कुणीतरी लिंबूसरबत आणलं. मी विचारलं, “खाल्लंय का काही?” “खाल्लंय की,” त्या म्हणाल्या. मी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, तो थोडा कमी होता. ‘उद्या नीट नाश्ता करून या’ एवढं सांगून मी दुसऱ्या बाईच्या खांद्याकडे वळले. मालकीणबाई म्हणाल्या, “स्टॅमिना कमी आहे, होईल हळूहळू.” मीही मान डोलावली. त्या दिवशी माझ्याकडून जे राहिलं ते राहिलंच. चक्कर आलेल्या त्रेचाळीस वर्षांच्या बाईला पाळी कशी जाते आणि हिमोग्लोबिन किती आहे हे विचारायला अर्धं मिनिट लागतं. माझ्याजवळ ते अर्धं मिनिट होतं.

गुरुवारी त्या आल्या नाहीत. गुरुवार वजनांचा. पूर्ण आठवड्यात त्यांना खरोखर झेपला असता असा एकच वर्ग होता, आणि तो वेळापत्रकात चौथ्या दिवशी होता. मालकीणबाईंनी दोनदा फोन केला. दुसऱ्या फोनला उत्तर आलं, लगीनसराई आहे, वेळ जमत नाही. शेरा लिहिला गेला.

दोन आठवड्यांनी मी त्यांच्याकडे ब्लाउज शिवायला टाकायला गेले. जिमचा विषय काढायचा माझ्या मनात नव्हता. भाचीचं लग्न होतं आणि माझा टेलर गावाला गेला होता. पुढच्या खोलीत मशीन, त्यावर अर्धी शिवलेली बाही, भिंतीला खुंट्यांवर पंधरा-वीस ब्लाउज चिठ्ठ्या लावून टांगलेले. त्यांनी गळ्यातली टेप काढली, मला वळायला सांगितलं आणि पाठीचं माप घ्यायला लागल्या.

“परत आला नाहीत जिमला,” मी म्हटलं.

“कुठे वेळ मिळतोय मॅडम. बघा ना, किती पडलंय काम.”

खांदा मोजून झाला. वहीत आकडा लिहिल्याचा आवाज आला. टेप परत पाठीवर आली आणि तिथेच थांबली.

“मॅडम, एक विचारू? कुणाला सांगू नका.”

“विचारा की.”

“उड्या मारल्या की सगळ्यांनाच होतं का?”

“काय होतं?”

“थोडी लघवी होते.”

मी वळले नाही. त्या माझ्या पाठीमागे होत्या म्हणूनच बोलत होत्या, हे मला तेव्हा नक्की जाणवलं. मग हळूहळू सगळं निघालं. धाकट्याच्या बाळंतपणापासून शिंक आली, खोकला आला, हसू आलं की थोडी होते. एसटीने पंढरपूरला जायचं तर आदल्या रात्रीपासून पाणी बंद. रिक्षा गतिरोधकावरून जाताना पाय आवळून बसायचं. हळदीकुंकवाला गेलं तर आधी त्या घरातलं बाथरूम कुठे ते बघून ठेवायचं. सासूबाईंना एकदा सांगितलं होतं, त्या म्हणाल्या होत्या, बाईच्या जातीला असंच असतं. नवऱ्याला चौदा वर्षांत सांगितलेलं नाही. जिमच्या पहिल्या दिवशी सलवार भिजली आणि त्याच वेळी सगळ्यांनी वळून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या दोन पॅड लावून, कोरड्या घशाने आणि उपाशी पोटाने आल्या. तिसऱ्या दिवशी चक्कर आली, तेव्हा ‘खाल्लंय’ असं खोटं सांगितलं, कारण का नाही खाल्लं हे सांगावं लागलं असतं.

हे ऐकताना मला स्वतःचा राग आला. मी शिकले आहे याच विषयात.

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, झोळीसारखे स्नायू असतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय या झोळीवर टेकलेले असतात. आपण उडी मारतो, खोकतो, जड उचलतो तेव्हा पोटातला दाब एकदम वाढतो आणि तो खाली येतो. निरोगी शरीरात ही झोळी त्या दाबाच्या क्षणभर आधी आपोआप आवळली जाते आणि लघवीचा मार्ग बंद राहतो. योनिमार्गे बाळंतपणात हे स्नायू खूप ताणले जातात, बाळ वजनदार असेल तर जास्तच. काहींचे परत घट्ट होतात, काहींचे होत नाहीत. त्यात वजन वाढलं की झोळीवरचा भार कायमचा वाढतो. उडीमध्ये जमिनीवर टेकताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट धक्का बसतो, म्हणून चालताना कोरडी राहणारी बाई उड्यांच्या वर्गात भिजते. कपालभातीतही तेच, दाबाचे छोटे-छोटे झटके.

यावर उपाय आहे आणि तो बहुतेकींना ऑपरेशनशिवाय लागू पडतो. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये या स्नायूंच्या व्यायामावर लिहिलं, म्हणून त्याला केगल व्यायाम म्हणतात. उपचार कसे करावेत हे सुचवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेची शिफारस अशी आहे की, अशा त्रासात पहिला उपचार म्हणून निदान तीन महिने, जाणकाराच्या देखरेखीखाली, दिवसातून तीनदा आणि दर वेळी किमान आठ वेळा हे स्नायू आवळायचे. ‘जाणकाराच्या देखरेखीखाली’ यावर माझा जोर आहे. नुसतं ‘आवळा’ म्हटलं की अनेकजणी श्वास रोखून उलट खाली जोर लावतात, पोट किंवा नितंब आवळतात, आणि महिनोन्‌महिने केलं तरी फरक पडत नाही. मी बायकांना सांगते, चारचौघांत वारा अडवताना जे आवळतो ते आवळून आत-वर ओढा, पोट मऊ ठेवा, बोलत राहा. बोलता आलं म्हणजे श्वास रोखलेला नाही. लघवी करताना मध्येच धार थांबवून सराव करा, असा सल्ला अजून दिला जातो. रोजचा व्यायाम म्हणून तो करू नये.

वहिनींना मी त्याच खोलीत, मशीनच्या स्टुलावर बसवून हे शिकवलं. तिसऱ्या प्रयत्नात त्यांचा चेहरा बदलला. “हे होय! हे तर कधी हललंच नाही,” त्या म्हणाल्या. ब्लाउजचं माप त्या दिवशी अर्धवटच राहिलं, परत जावं लागलं.

मग तपासण्या. लघवीत जंतुसंसर्ग नव्हता. हिमोग्लोबिन निघालं ९.८. गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय, आणि ८ ते १०.९ हा मध्यम रक्तक्षयाचा पट्टा. पाळी सात-सात दिवस जात होती. स्त्रीरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफी करून औषध दिलं आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. वहिनी दिवसातून पाच वेळा चहा पितात आणि गोळी नेमकी चहाबरोबर घेणार होत्या. चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही, तेव्हा चहापासून दीड-दोन तास लांब, लिंबूपाण्याबरोबर घ्या, हे कुणीतरी सांगायला लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९–२१ मध्ये, महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आमच्या अकराच्या बॅचच्या वीस जणींत दहा-अकराजणी अशा असणार, असं धरूनच वर्ग घ्यायला हवा. आम्ही त्याला स्टॅमिना म्हणत होतो.

वहिनींची परवानगी घेऊन मी मालकीणबाईंशी बोलले. जिम बंद झाल्यावर, दुपारी, त्या मॅट पुसत होत्या. सगळं ऐकल्यावर त्या बराच वेळ पुसतच राहिल्या. मग म्हणाल्या, “मी रोज ओरडते हो, थांबू नका म्हणून. किती जणी अशा गेल्या असतील?” त्यांनी रजिस्टर आणलं. आम्ही दोघींनी मागच्या सहा महिन्यांची पानं उलटली. ट्रायलला येऊन पहिल्या तीन दिवसांत गेलेल्या बायकांच्या नावांवर बोट ठेवत त्या म्हणत होत्या, हिला दोन मुलं, हिला तीन, हिचं सिझर. कारण कुणाचंच माहीत नव्हतं. शेरा सगळीकडे एकच.

या बाईंबद्दल मला आदर आहे. त्या कॉलेजात कबड्डी खेळायच्या, लग्नानंतर बारा वर्षं काहीच केलं नाही, मग दागिना गहाण ठेवून हा हॉल घेतला. आपल्याकडे व्यायामाच्या संस्थांची परंपरा मोठी आहे: अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चं, दादरचं समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चं. आणि आमच्या सांगलीच्या संकेत सरगर यांनी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगचं रौप्य आणलं. त्याच वर्षी त्यांची बहीण काजोल हिने खेलो इंडिया युवा स्पर्धेत सुवर्ण उचललं. इथल्या मुली वजन उचलतात. पण चाळिशीतल्या, दोन बाळंतपणं झालेल्या, ओढणी कमरेला बांधून आलेल्या बाईसाठी गल्लीत जी जागा आहे ती हीच, स्टेशनरीच्या दुकानावरची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ मध्ये आलेल्या आकडेवारीनुसार भारतात ५७ टक्के स्त्रिया पुरेशी शारीरिक हालचाल करत नाहीत, पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के आहे. या फरकाला सर्रास आळस म्हटलं जातं. मी आता म्हणू शकत नाही.

आम्ही ट्रायलची पद्धत बदलली. पहिला बदल एका पानाचा: आल्याबरोबर बाईच्या हातात फॉर्म द्यायचा. तोंडी विचारायचं नाही, कारण हॉलमध्ये पंधरा कान असतात. खुणा करायच्या, सही करून घडी घालून डब्यात टाकायचा, तो मी किंवा मालकीणबाईच उघडणार. प्रश्न साधे: बाळंतपणं किती आणि कशी, पाळी किती दिवस, कधी चक्कर येते का, गुडघा-कंबर, रक्तदाब-साखर-थायरॉइडच्या गोळ्या, छातीत दुखतं का. आणि मधोमध, बाकीच्यांसारखाच छापलेला, ‘उडी मारताना, शिंकताना, जड उचलताना लघवी निसटते का?’ तो मधोमध ठेवायचा हे वहिनींनी सुचवलं. शेवटी ठेवला तर तो वेगळा दिसतो, त्या म्हणाल्या. पहिल्या दिवशी पाच नव्या बायकांनी फॉर्म भरला आणि दोघींची त्या प्रश्नावर खूण होती. त्यातली एक अवघी सव्वीस वर्षांची.

दुसरा बदल झुंबाचा, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा. झुंबामध्ये उडी असलीच पाहिजे असं नाही. वयस्कांसाठी झुंबा गोल्ड नावाचा कमी धक्क्याचा प्रकारच आहे, मालकीणबाईंना तो माहीतही होता. आधीही त्या म्हणायच्या, ‘ज्यांना जमत नाही त्यांनी उडी मारू नका.’ पण त्या स्वतः समोर उड्या मारत असायच्या, आणि वर्ग नेहमी समोरच्या बाईच्या पायांकडे बघतो, तोंडाकडे नाही. ‘जमत नाही त्यांनी’ हे ऐकल्यावर थांबणारी बाई सगळ्यांच्या देखत न जमणारी ठरते. आता त्या एक पाय कायम जमिनीवर ठेवून शिकवतात आणि म्हणतात, ‘ज्यांना हवी त्यांनी उडी घ्या.’ उडी मारणाऱ्या मुली पुढे येतात, मजेत मारतात. बाकीच्या तशाच चालू राहतात, कुणी वळून बघत नाही. ‘थांबू नका’ हे शब्द हॉलमधून गेले. व्हिडिओ फक्त शनिवारी शेवटची पाच मिनिटं, ज्यांना यायचंय त्यांचाच.

तिसरा बदल क्रमाचा. ट्रायल आता वजनांनी सुरू होते.

वहिनी परत आल्या त्या लोहाच्या गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाल्यावर. घरून विरोध झाला. “तीन दिवसांत सोडलंस, आता परत कशाला पैसे घालायचे?” असं नवरा म्हणाला. त्यांनी शिवणकामाच्या पैशातून एक महिन्याची फी भरली. वर्षाची फी एकदम भरली तर सूट होती, पण मीच त्यांना महिन्याची भरायला सांगितलं आणि मालकीणबाईंना ते पटलं. जाता जाता एक गोष्ट नव्याने जिम लावणाऱ्यांसाठी: २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या फीवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, आणि वर्षाला वीस लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या जिमला सहसा जीएसटीची नोंदणीच लागत नाही, म्हणजे ती तो आकारूही शकत नाही. पावती मागा, तीवर जीएसटी लावला असेल तर क्रमांक बघा. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पहिला महिना आम्ही सहाच व्यायाम ठेवले. खुर्चीवर बसून उठणं, भिंतीला दंड, पाठीवर झोपून कंबर उचलणं, वाकून डंबेल ओढणं, पाठ सरळ ठेवून खालून वजन उचलणं, आणि दोन हातांत दोन डंबेल घेऊन हॉलभर चालणं. दहा-दहा वेळा, दोन फेऱ्या. जोर लागतो तेव्हा आधी ओटीपोटाचा तळ आवळायचा, मग तोंडाने श्वास सोडत उठायचं. या एका सवयीवर मी सगळ्यात जास्त वेळ दिला. सुरुवातीला त्या आवळायला विसरायच्या, किंवा आवळायच्या आणि श्वास विसरायच्या. दहाव्या-बाराव्या दिवशी एकदा शिंक आली आणि शिंकण्याआधी शरीराने आपणहून आवळून घेतलं. त्यांनी हातातला डंबेल खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी आरशात बघत होते, मला कळलं. शब्द कुणीच काढला नाही, शेजारी बायका होत्या.

किती दमायचं याला आम्ही एकच माप ठेवलं: व्यायाम करताना बोलता यायला हवं, गाता येऊ नये. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. वहिनींचे तीन दिवस जिमचे आणि तीन संध्याकाळी वीस-वीस मिनिटं चालण्याच्या, एवढं ठरवलं. लगीनसराईत दोन आठवडे पूर्ण बुडाले. त्या दिवसांतही मशीनवर बसल्या बसल्या तळाचे व्यायाम चालू होते, एक बाही झाली की आठ वेळा.

बारा आठवड्यांनी मोजलं. वजन ७१ वरून ६९.४. त्या नाराज झाल्या, त्यांना पाच-सहा किलोंची आशा होती. कंबर ९४ सेंटिमीटरवरून ९०. अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता येतं हे आम्ही पहिल्या दिवशी मोजलं होतं, तेव्हा नऊ, आता चौदा. हिमोग्लोबिन ११.६, म्हणजे अजून बाराच्या खालीच, गोळ्या चालू. एचबीए१सी ५.९, यावर मी फार भर देत नाही, तीन महिन्यांच्या एका आकड्यावरून काही ठरत नाही. लघवीचा त्रास खोकताना जवळजवळ थांबला आहे, घाईत जिना उतरताना अधूनमधून होतो. जिना चढताना उजवा गुडघा अजून दुखतो, आणि तिथे माझं काम बाकी आहे. झुंबाला त्या अजून गेलेल्या नाहीत. मी आग्रह केलेला नाही. पाणी मात्र आता पितात, बाटली घेऊन येतात आणि आरशासमोर, दुसऱ्या रांगेत उभ्या राहतात.

रजिस्टरमधला ‘वेळ जमत नाही’ हा शेरा मालकीणबाईंनी खोडला नाही. त्याखाली परत आल्याची तारीख लिहिली आहे. सोडून जाणाऱ्यांना आता त्या फोन करतात तेव्हा ‘का येत नाही’ असं विचारत नाहीत. ‘कुठला व्यायाम त्रासाचा वाटला’ असं विचारतात, आणि उत्तर यायला वेळ लागला तर गप्प राहतात.

बाथरूम अजून जिन्याच्या वळणावरच आहे. वर काढायचं तर पाइप दुकानाच्या छतातून न्यावा लागेल आणि घरमालक तयार नाहीत. तोपर्यंत आम्ही दाराची कडी बदलली, आत दिवा लावला आणि सुटे पॅड ठेवले. जिन्याला कठडा नव्हता, तो पुढच्या महिन्यात बसेल.